वर्टमध्ये वरून पाणी घातल्यावर ग्रॅव्हिटी १३ पॉइंट कमी: पाणी जास्त झालं की मोजण्यात घोळ?

पातेलं_१६_लिटर (कोथरूड)

बेत घरीच २० लिटर पेल एल (फिकट रंगाची बिअर) करायचा आहे, पण पातेलं १६ लिटरचंच. म्हणून घट्ट वर्ट (आंबवायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) उकळून नंतर पाणी घालायची पद्धत घेतली. आकडे असे:

ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या गोड अर्काची पावडर) २.६ किलो, सगळं सुरुवातीलाच. विरघळल्यावर पातेल्यात १३ लिटर. ६० मिनिटं उकळी, झाकण न ठेवता. शेवटी उरलं साडेदहा लिटर. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ३० ग्रॅम, अल्फा (त्यातलं कडू आम्ल) ६ टक्के, पूर्ण ६० मिनिटं. थोडं गार करून फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओतलं आणि वरून साडेनऊ लिटर आरओचं पाणी घालून २० ची खूण गाठली.

कागदावर ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत वर्टची घनता; ०.००१ म्हणजे एक पॉइंट) १.०४९ यायला हवी होती. वरून सिरिंजने नमुना काढला, ३२ अंशांवर हायड्रोमीटरने १.०३६ दाखवली. हायड्रोमीटर (घनता मोजायचं तरंगतं साधन) २० अंशांना बरोबर दाखवणारा आहे. यीस्ट अजून घातलेलं नाही.

प्रश्न तीन. पाणी जास्त पडलंय का? घरात ७०० ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट शिल्लक आहे, ते उकळून घालू का? आणि पुढच्या वेळी आरओचं पाणी न उकळता घातलं तर चालेल का?

---

ग्रॅव्हिटीकाका

७०० ग्रॅम अजिबात घालू नका. आधी मोजणी दुरुस्त करा.

पाणी घातल्याने वर्टमधली साखर कुठे जात नाही, फक्त पसरते. म्हणून पॉइंट गुणिले लिटर हा आकडा पाणी घालण्याआधी आणि नंतर सारखाच राहतो. एक किलो ड्राय एक्स्ट्रॅक्ट एक लिटरमध्ये साधारण ३७५ पॉइंट देतं. तुमचे २.६ किलो म्हणजे ९७५. भागिले २० लिटर, आले ४८.७५. म्हणजे १.०४९. उकळीनंतरच्या साडेदहा लिटरात हेच ९७५ पॉइंट होते, म्हणजे तो वर्ट १.०९३ चा होता. एक्स्ट्रॅक्ट पूर्ण विरघळलं असेल, पातेल्याच्या बुडाला चिकटून राहिलं नसेल आणि २० ची खूण बरोबर असेल, तर दुसरं काही येऊच शकत नाही. एक्स्ट्रॅक्टच्या बॅचला हायड्रोमीटर हा साक्षीदार असतो, न्यायाधीश नाही.

मग १३ पॉइंट गेले कुठे? तीन पॉइंट तापमानाने खाल्ले. २० अंशांचा हायड्रोमीटर ३२ अंशांच्या द्रवात बुडवला की तो साधारण ०.००३ ने कमी दाखवतो. म्हणजे तुमचं वाचन झालं १.०३९. उरलेले दहा पॉइंट फर्मेंटरच्या तळाशी बसलेत. १.०९३ चा वर्ट पाकासारखा जड, वरून ओतलेलं पाणी हलकं. ते वरच तरंगत राहतं आणि तुम्ही नमुना काढलात तोही वरूनच. ज्यांच्या फर्मेंटरला खाली तोटी असते त्यांना नेमका उलटा आकडा दिसतो, १.०६० वगैरे, आणि ते खुशीत आणखी पाणी ओततात.

ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्याची नळी खिडकीसमोर धरा. आत वाकड्यातिकड्या, हलणाऱ्या रेघा दिसत असतील, साखरेच्या गरम पाकात पाणी सोडल्यावर दिसतात तशा, तर मिश्रण झालेलं नाही. त्या नमुन्यावर मोजलेला आकडा वहीत लिहूच नका.

आता करायचं काय: लांब दांड्याचा स्टीलचा चमचा सॅनिटाइज करून तळापासून वर उचलल्यासारखं तीन-चार मिनिटं ढवळा. गोल गोल फिरवून काही होत नाही, दोन्ही थर आपापल्या जागी फिरत राहतात. मग मधल्या उंचीवरून नमुना घ्या, २० अंशांपर्यंत गार होऊ द्या, मोजा. १.०४७ ते १.०५० च्या आत यायला हवी.

तुम्ही ७०० ग्रॅम घातलं असतंत तर आणखी २६२ पॉइंट, म्हणजे २० लिटरमागे १३. पेल एलऐवजी १.०६२ ची भलतीच कडक बिअर झाली असती.

पुढच्या वेळी क्रम उलटा ठेवा: फर्मेंटरमध्ये आधी पाणी, त्यावर वर्ट. जड द्रव वरून पडला की खाली जाताना आपसूक मिसळतो. थोडं ढवळावं लागतंच, पण निम्मं काम ओतण्यातच होतं.

---

कडूजहर

ग्रॅव्हिटीचं काकांनी सांगितलंच. खरा तोटा कडवटपणात झालाय आणि तो तुम्ही विचारलाच नाहीत.

घट्ट वर्टमध्ये हॉप्सचा अर्क कमी उतरतो. कडवटपणा काढायच्या टिनसेथच्या सूत्राने तुमचे आकडे मांडा. ३० ग्रॅम, ६ टक्के, २० लिटर म्हणजे लिटरमागे ९० मिलिग्रॅम अल्फा आम्ल. हीच बॅच १.०५० च्या वर्टमध्ये ६० मिनिटं उकळली असती तर त्यातलं २३ टक्के कामी आलं असतं, म्हणजे २१ आयबीयू (कडवटपणाचं एकक). तुमचा वर्ट १.०७५ पासून सुरू होऊन १.०९३ वर संपला. सरासरी १.०८४ धरली तर १७ टक्केच उतरतं. आले १५. कागदावर २१ चा हिशेब केला असेल तर बिअर गोडसर लागणार, आणि मग दोष पाण्यावर जाणार.

उपाय जास्त हॉप्स घालणं हा नाही. एक्स्ट्रॅक्ट उशिरा घाला. सुरुवातीला फक्त ९०० ग्रॅम. १३ लिटरात ग्रॅव्हिटी १.०२६ होते, उकळून साडेदहावर आली की १.०३२. एवढ्या पातळ वर्टमध्ये तेच ३० ग्रॅम हॉप्स २५ आयबीयू देतात, म्हणजे २१ साठी २५ ग्रॅम पुरतात. बाकीचं १.७ किलो शेवटच्या दहा मिनिटांत. घालताना गॅस पूर्ण बंद, नाहीतर पावडर थेट बुडाशी जाऊन करपते आणि तो करपट वास शेवटपर्यंत जात नाही. आणि पिशवी वाफेवर धरू नका. पावडर तोंडाशीच ओली होऊन गूळ-खोबऱ्याच्या वडीसारखी घट्ट होते. कोरड्या पातेल्यात आधी काढून घ्या आणि तिथून एकदम ओता. पुन्हा गॅस लावल्यावर दोन मिनिटं तिथून हलू नका, कारण फेस दुसऱ्यांदा दुधासारखा उतू जातो. १६ लिटरच्या पातेल्यात १३ च्या वर जाऊच नये ते ह्याच्यासाठी.

उशिरा घालण्याचा दुसरा फायदा रंगाचा. घट्ट वर्ट तासभर उकळला की तांबूस होतो, पेल एल दिसायला अंबर एल होते.

एक मर्यादा मात्र ह्या पद्धतीला आहेच. उकळत्या वर्टमध्ये कडू आम्लं साधारण १०० आयबीयूच्या पुढे टिकत नाहीत. ते निम्मं पाणी घालून पसरवलं की ५० वरच थांबणार. झणझणीत आयपीए (खूप कडू बिअर) करायची असेल तर मोठं पातेलं घ्या किंवा १० लिटरच करा.

---

टाकी_ते_तोटी (सिंहगड रोड)

पाण्याचं मी सांगतो.

महापालिकेचं पाणी खडकवासला साखळीतलं, धरणाचं, म्हणून मृदू आहे. एक्स्ट्रॅक्टच्या बिअरला फार छान. त्यातला एकच शत्रू क्लोरीन. क्लोरीन आणि यीस्टने तयार केलेली फिनॉल्स एकत्र आली की दवाखान्यासारखा वास येतो, आणि तो इतक्या कमी प्रमाणातही नाकाला कळतो की बाटलीत वर्षभर ठेवून काही उपयोग होत नाही. नुसतं क्लोरीन असेल तर १५ मिनिटं उकळून किंवा रुंद भांड्यात रात्रभर उघडं ठेवून जातं. क्लोरामाइन (क्लोरीनचाच टिकाऊ प्रकार) असेल तर दोन्हीने नीट जात नाही. दोन्हींवर एकच हमखास उपाय: पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे सरबतात घालतात ते केएमएस. २० लिटरला ०.१ ग्रॅम बास. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ०.१ ग्रॅम मोजताच येत नाही, म्हणून १ ग्रॅम १०० मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातलं १० मिली २० लिटरला घाला. तुमच्या साडेनऊ लिटरला ५ मिली. पाच-दहा मिनिटांत काम झालं. हे द्रावण त्याच दिवशी वापरा, ठेवलं की जोर जातो.

बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यापासून मात्र लांब राहा. उकळल्यावर भांड्याला पांढरा थर बसतो ते पाणी बायकार्बोनेटचं. त्याने पीएच वर जातो आणि कडवटपणा जिभेला खरवडतो. आरओ ह्याला उत्तम पर्याय आहे, कारण एक्स्ट्रॅक्टमध्ये क्षार आधीपासून असतातच. धान्य मॅश करणाऱ्यांनी (गरम पाण्यात भिजवून साखर काढणाऱ्यांनी) मात्र नुसतं आरओ घेऊ नये, मॅशला कॅल्शियम लागतं.

आता प्रश्न न उकळता घालण्याचा. आरओचा पडदा जंतू अडवतो, पण पुढची टाकी आणि तोटी अडवत नाही. टाकीच्या आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागेल. त्यात क्लोरीनही उरलेलं नसतं, म्हणजे जंतूंना मोकळं रान. हे पाणी थेट गार वर्टमध्ये घालणं मला पटत नाही. दहा मिनिटं उकळा, झाकण ठेवून गार करा. दुकानात येणाऱ्या २० लिटरच्या सुट्या जारचं तेच. सील नसलेला जार म्हणजे उघडं पाणी समजा.

---

सरळमार्गी

एवढं सोवळं पाळायची गरज नाही हो. सीलबंद, आयएसआयच्या खुणेचं बाटलीचं पाणी घ्या, बाटलीचं तोंड सॅनिटाइज करा, ओता. ताज्या कोरड्या यीस्टचं ११ ग्रॅमचं पाकीट २० लिटरला घातलं तर ते बाकी कुणाला जागाच देत नाही. शिवाय न उकळलेल्या पाण्यात प्राणवायू असतो आणि यीस्टला तो हवाच असतो. उकळलेलं पाणी घातलं की उलट वर्ट गुदमरतो.

---

टाकी_ते_तोटी

सीलबंद बाटलीला माझा विरोध नाहीच, वर सुट्या जारबद्दल बोललो. पण यीस्ट जागा देत नाही हे २० अंशांवर खरं. एप्रिल-मेत पुण्यात खोली ३२-३५ ला असते, त्या उबेत लॅक्टोबॅसिलसला (आंबट करणाऱ्या जंतूंना) यीस्ट उठायच्या आधीचे दहा-बारा तास पुरतात.

प्राणवायूचं म्हणणं बरोबर आहे. उकळलेल्या पाण्यातून तो निघून जातो. पण उपाय कच्चं पाणी नव्हे. वर्ट २५ अंशांच्या खाली आला की फर्मेंटर बंद करून पाच मिनिटं जोरात हलवायचा, किंवा पाणी गार झाल्यावर उंचावरून दोन भांड्यांत चारदा इकडून तिकडे ओतायचं, चहा गार करतात तसं. २० अंशांना लिटरभर पाण्यात ९ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तेवढा यीस्टला पुरतो. कोरड्या यीस्टला तर तोही सक्तीचा नाही.

ह्याच कारणाने आंबायला लागल्यावर पाणी घालू नका. पहिल्या काही तासांत एखादा लिटर घातला तर यीस्ट त्यातला प्राणवायू पिऊन टाकतं. पाचव्या दिवशी "जरा कडक वाटतेय" म्हणून घातलं की महिन्याभरात ओल्या पुठ्ठ्याची चव. मोठे कारखाने आंबवल्यावरच पाणी घालतात हे खरं, घट्ट वर्ट आंबवून बाटली भरण्याआधी पातळ करतात. पण ते पाणी आधी यंत्राने प्राणवायू काढलेलं असतं. घरी ते जमत नाही.

---

बर्फाचा_गोळा

पाणी घालायचंच आहे तर गार करायचं कामही त्याच्याकडून करून घ्या. उन्हाळ्यात नळालाच ३० च्या आसपास येतं, मग वर्ट टबात बसवून तो ३२-३३ च्या खाली उतरत नाही. तीन सूत (३/८ इंच) जाडीच्या तांब्याच्या नळीचा कॉइल केलात तरी तेच, नळाच्या पाण्यापेक्षा गार कसं होणार? खरं गार करतं ते वरून घातलेलं पाणी.

हिशेब ग्रॅव्हिटीसारखाच: लिटर गुणिले अंश. साडेदहा लिटर वर्ट ३४ अंशांवर आणि साडेनऊ लिटर पाणी फ्रिजमधलं, ५ अंशांचं. ३५७ अधिक ४७ म्हणजे ४०४, भागिले २०. झाला २० अंशांचा.

३४ पण गाठत नसाल तर त्यातल्या दोन लिटरांचा बर्फ करा. एक किलो बर्फ वितळताना ८० लिटर-अंश खातो. दोन किलो बर्फ अधिक साडेसात लिटर गार पाणी घेतलं तर वर्ट ५० अंशांवर असला तरी चालतो, शेवट २० वरच येतो. ५० पर्यंत उतरवायला टबातली वीस-पंचवीस मिनिटं पुरे.

बर्फ उकळलेल्या पाण्याचाच, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डबा आतून आणि कडेला सॅनिटाइज करा, फ्रीजरमध्ये मासळीच्या शेजारी ठेवू नका. रसवंतीवरचा किंवा कारखान्याचा लादीचा बर्फ तर नावच काढू नका.

काचेच्या जारमध्ये गार पाणी असताना ५० चा वर्ट ओतू नका, तडकतो. पातेल्यातच बर्फ घाला, विरघळू द्या, मग ओता. आणि फर्मेंटर २५ लिटरचा हवा. २० लिटरच्या जारमध्ये २० लिटर वर्ट भरला तर दुसऱ्या दिवशी फेस फरशीवर.

---

भिजवलेला_जव

हेच गणित धान्याला चालेल का? पिशवीत ३.५ किलो पेल माल्ट, तेच १६ लिटरचं पातेलं, शेवटी पाणी घालून २० लिटर.

---

ग्रॅव्हिटीकाका

गणित चालेल, बिअर पातळ होईल. चांगल्या पेल माल्टमधून किलोला जास्तीत जास्त ३०० पॉइंट निघतात, पिशवीत धुतल्याशिवाय त्यातले ६५ टक्के मिळतात. ३.५ गुणिले १९५ म्हणजे ६८२. २० लिटरात १.०३४. १.०४९ हवी असेल तर १४ लिटरवर थांबा, किंवा पाऊण किलोच्या वर थोडं, म्हणजे ७८० ग्रॅम ड्राय एक्स्ट्रॅक्ट जोडीला घ्या. पिशवी दुसऱ्या भांड्यात चार लिटर, ७५ अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून निथळली तर थोडं आणखी सुटतं. इथे मात्र हायड्रोमीटर न्यायाधीश असतो. पाणी घालायच्या आधी मोजा, पॉइंट गुणिले लिटर काढा, मग ठरवा किती घालायचं. "२० ची खूण आहे म्हणून २०" असं करू नका.

---

मध्यस्थ

तंत्रावर चर्चा चालू राहू द्या. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे राज्यात परवान्याशिवाय मद्य तयार करायला मनाई आहे, हे नव्या वाचकांसाठी. त्यावरचा वाद इथे नको.

---

पातेलं_१६_लिटर

नळीत रेघा होत्या, अगदी स्पष्ट. तळापासून ढवळून, नमुना २० अंशांवर आणून पुन्हा मोजलं: १.०४८. एक्स्ट्रॅक्ट परत कपाटात.

पुढचा बेत असा लिहून ठेवलाय, चूक असेल तर सांगा. १३ लिटरात ९०० ग्रॅम एक्स्ट्रॅक्ट आणि २५ ग्रॅम हॉप्स, ६० मिनिटं. शेवटच्या दहा मिनिटांत गॅस बंद करून १.७ किलो. उकळून गार केलेलं साडेसात लिटर पाणी फ्रिजमधून काढून आधीच फर्मेंटरमध्ये. दोन किलो बर्फ पातेल्यात, वर्ट ५० अंशांवर आल्यावर. मग पातेलं फर्मेंटरमध्ये. एकूण २०.

---

कडूजहर

एकूण २१ होईल. उशिरा घातलेलं १.७ किलो एक्स्ट्रॅक्ट विरघळल्यावर जवळजवळ एक लिटर जागा घेतं. आधीच्या बॅचमध्ये ती जागा सुरुवातीच्या १३ लिटरातच मोजली गेली होती, आता ती शेवटी वाढणार. उकळीनंतर पातेल्यात साडेदहा नाही, साडेअकरा लिटर असेल.

म्हणून फर्मेंटरमध्ये आधी साडेपाच लिटरच पाणी घाला, बर्फाचे दोन, वर्टचे साडेअकरा. उरलेलं एक लिटर हातात ठेवा आणि खूण बघून शेवटी घाला, तळाचा गाळ पातेल्यातच सोडणार असाल तर थोडं जास्त लागेल. गार पाणी कमी झालं म्हणजे बर्फाचं गणितही बदललं: वर्ट ५० ऐवजी ४५ पर्यंत उतरवून मगच बर्फ टाका.